खेळणे फरशीवर चालवून पाहा

मा. संपादक,

शाळांमधल्या ‘टाकाऊपासून टिकाऊ’ स्पर्धांत खेळण्यांना गुण पडतात ते सजावटीवर. चमकी कागद, नवे थर्माकोल विकत आणून केलेली गाडी पहिली येते आणि फरशीवर ठेवली तर वीतभरही सरकत नाही. उद्यमनगरच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरला, जिथे बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि शाफ्ट (फिरणारा दांडा) घरोघरी ठाऊक, हे शोभत नाही.

बाटलीच्या झाकणांची गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच चुकीने: आस, म्हणजे दोन चाके जोडणारा दांडा, खोक्याला चिकटवलेला असतो. चाके आसावर घट्ट आणि आस बुशमध्ये मोकळा, असे हवे. आसाला कोरडी, संपलेली रिफिल घ्या. शाई उरलेली असेल तर हात आणि फरशी दोन्ही माखतात. बुश म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून चिकटवलेली सुरळी. खोक्याखाली पट्टीने दोन समांतर रेघा मारूनच सुरळ्या चिकटवा. तिरप्या बसल्या तर गाडी एका बाजूला ओढते. डिंक सुरळीच्या तोंडात गेला की आस जाम झालाच.

झाकणे चारही एकाच मापाची हवीत. मध्य शोधायला झाकण कागदावर ठेवून गोल आखा, कापा, दोनदा दुमडा. घड्या जिथे छेदतात तो मध्य. भोक मोठ्यांनी पाडावे, रिफिलपेक्षा किंचित लहान. जाड खिळा तापवून घातला तर प्लास्टिक वितळून भोक ऐसपैस होते आणि चाक डुगडुगते. चाक आणि खोके यांत 3-4 मिलिमीटर जागा सोडा.

रिळाचा रणगाडा याहून सोपा. दोऱ्याच्या रिकाम्या रिळातून रबरबँड ओवा. एका टोकाला काडेपेटीच्या काडीचा अर्धा तुकडा अडकवून चिकटपट्टीने पक्का करा; तो फिरला तर सगळा पीळ वाया जातो. दुसऱ्या टोकाला मेणबत्तीची 5 मिलिमीटर जाड चकती (वात ओढून काढली की भोक आयतेच), मग खराट्याची 10-12 सेंटिमीटरची काडी. पंचवीस-तीस पीळ द्या. चकती नसेल तर काडी रिळाला घासून अडकते, म्हणून ती टाळू नका. प्लास्टिकचे रीळ गुळगुळीत फरशीवर जागच्या जागी फिरते. दोन्ही कडांवर एकेक रबरबँड चढवला की पकड येते.

आता सुरक्षिततेचे. 1 जानेवारी 2021 पासून बाजारातल्या खेळण्यांवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह सक्तीचे आहे. घरच्या खेळण्याची तपासणी मात्र आपणच करायची. 31.7 मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळीत मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा मानतात. पाण्याच्या बाटलीचे झाकण साधारण 30 मिलिमीटरचे असते, म्हणजे ते घशात अडकू शकते. झाकणांची गाडी आणि सुटे रबरबँड लहानग्यांना देऊच नका. त्यांच्यासाठी धुतलेल्या सॉक्समध्ये चिंध्या ठासून दुहेरी दोऱ्याने शिवलेला चेंडू पुरे. जुन्या घड्याळातला बटण सेल कुठल्याही खेळण्यात नको. गिळून अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

परीक्षकांना विनंती आहे की निम्मे गुण चालण्याला द्यावेत. मीटरभर फळीचे एक टोक आडव्या विटेवर टेकवावे, गाडी न ढकलता सोडावी आणि फळी संपल्यापासून ती किती लांब गेली ते टेपने मोजावे. प्रत्येक गाडीला तीन संधी मिळाव्यात, कारण पहिल्या खेपेला चाक सैल झालेले मुलांच्याच लक्षात येते आणि ती जागेवर दुरुस्त करतात.

— एक कार्यानुभव शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर