शून्य न खोडणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

मी तुला आठवत असेन की नाही, कोण जाणे. अभ्यासिकेत तुझ्या शेजारच्या टेबलावर मी एकच गणित तिसऱ्यांदा सोडवत होते. दोन कण, समकेंद्री वर्तुळांवर, त्रिज्या २ मीटर आणि ५ मीटर. दोघांचाही कोनीय वेग, म्हणजे केंद्राभोवती कोन किती वेगानं बदलतो तो, सेकंदाला २ रेडियन (रेडियन हे कोनाचं एकक), दोघे केंद्राच्या एकाच बाजूला, एकाच रेषेत. सापेक्ष वेग, म्हणजे एकाच्या तुलनेत दुसऱ्याचा वेग, किती? माझं उत्तर शून्य, पुस्तकातलं सेकंदाला ६ मीटर.

हेच गणित मी आधी दोघांना दाखवलं होतं. एकांनी लाल फुली मारून "सूत्र नीट पाठ कर" म्हणत वही परत केली. दुसऱ्यांनी त्रिज्येला कोनीय वेगानं गुणून १० वजा ४ मांडलं आणि ते पुढच्या गणिताकडे वळले. दोन कणांमधलं अंतर बदलत नाही, मग वेग येतो कुठून? हे विचारलं की "वेळ घालवू नकोस" एवढंच ऐकायचं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तू वही पुढ्यात ओढलीस, पण फुली मारली नाहीस. माझ्या शून्याभोवती पेन्सिलीनं हलकं वर्तुळ काढलंस आणि विचारलंस, "हे शून्य कुणाला दिसेल?"

ताई, हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. माझं उत्तर कुणालातरी दिसू शकतं, असं तोवर कुणी मानलंच नव्हतं. मग तू वही टेबलावर हळूहळू फिरवलीस. वहीसोबत फिरणाऱ्या मुंगीला दोन्ही कण जागचे हलताना दिसणार नाहीत, शून्य तिचं. पण खुर्चीत बसलेल्या मला? आतल्या कणापासून बाहेरच्या कणापर्यंत तू बाण काढलास. लांबी ३ मीटरच राहते, पण बाण फिरतो, म्हणजे त्याचं टोक ३ गुणिले २, सेकंदाला ६ मीटरनं सरकतं. लांबी तीच राहिली तरी दिशा बदलली की सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेला हा बाण, बदलला. कण केंद्राच्या विरुद्ध बाजूंना असते तर बाण ७ मीटरचा आणि सापेक्ष वेग १४, हे मग मीच सांगितलं. तू नुसती मान हलवलीस.

समोरच्याचं चुकलेलं उत्तर आधी समजून घेणारी माणसं फार थोडी भेटतात. त्यासाठी विद्वत्तेपेक्षा माणसाबद्दलचा आदर लागतो. तुझा स्वतःचा अभ्यास उघडा पडला होता आणि तू एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीस.

जाताना एक प्रश्न देऊन गेलीस: पृथ्वी मंगळाला मागे टाकते तेव्हा तो आकाशात उलटा सरकताना दिसतो, तर वळण्याआधी तो थबकतो कधी? पुष्कळ दिवस लागले. दोघांच्या कक्षा वर्तुळाकार आणि एकाच पातळीत धरल्या, तर त्यांचा सापेक्ष वेग ज्या क्षणी त्यांना जोडणाऱ्या रेषेवरच येतो, त्या क्षणी. तेव्हा दृष्टिरेषेचा कोनीय वेग शून्य असतो. या वेळी शून्य कुणाला दिसतं, हेही मी शेजारी लिहिलंय. त्याच वहीत, तुझ्या पेन्सिलीच्या वर्तुळाखाली.

तुझी,
शेजारच्या टेबलावरची