पॅरोलवरून उशिरा परतला, म्हणजे फरार?

मा. संपादक,
स. न.

‘पॅरोलवरील कैदी फरार’ ही बातमी आपल्या अंकात वाचली. 2019 साली अशाच चार ओळी माझ्या भाच्याबद्दल एका दैनिकात छापून आल्या होत्या. त्याचा जामीनदार मी होतो, म्हणून हे पत्र.

भाचा जन्मठेपेचा कैदी. गुन्हा त्याच्या हातून घडला, शिक्षा तो भोगतोय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बहिणीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्याला 30 दिवसांची अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल मिळाला. 6 ऑगस्टला परत हजर व्हायचं होतं. आमचं गाव शिरोळ तालुक्यात. त्या आठवड्यात कृष्णा-पंचगंगेनं काय केलं, ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. 5 तारखेच्या रात्री पाणी सोप्यात आलं, पहाटे आम्ही दोघांनी बहिणीला खाटेसकट नावेत ठेवलं आणि छावणी गाठली. पुणे-बंगळूर महामार्गही बंद. भाच्याने पोलीस ठाण्यात फोन केला. ‘पाणी उतरलं की जा,’ एवढंच उत्तर मिळालं. 14 तारखेला तो आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारात जाऊन उभा राहिला.

तोवर त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 224 खाली, म्हणजे कोठडीतून पळून गेल्याचा, गुन्हा दाखल झाला होता. शिवाय माफीचे, म्हणजे शिक्षेत सूट म्हणून मिळालेले, दिवस कापले गेले.

वास्तविक, तेव्हा लागू असलेलं 1894 च्या कारागृह अधिनियमातलं कलम 48-अ सांगत होतं, की ‘पुरेशा कारणाशिवाय’ अट मोडली तरच तो तुरुंगातला गुन्हा, आणि शिक्षेआधी कैद्याचा खुलासा घ्यायचा. पण खुलासा देणारा आत आणि पुरावे सगळे बाहेर! भाच्याने अर्ध्या पानावर लिहून दिलं, ‘गावाला पूर होता.’ कोण विश्वास ठेवणार?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या, त्याही मोफत. कोठडीतल्या कुणालाही हा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने आहे, हे शाळेत तीस वर्षं शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘छावणीची नोंदवही कुठं आहे?’ तलाठ्यांनी शोधून दिली. पानं ओलीनं चिकटलेली, निळी शाई पसरलेली. पण 6 ऑगस्टच्या पानावर बहिणीच्या नावाखाली त्याचं नाव आणि सही स्पष्ट होती. सोबत घराच्या पडझडीचा पंचनामा आणि डायलिसिसचे कागद जोडले. पळून जायचा इरादा असता, तर माणूस सरकारी छावणीत सही कशाला करेल, हाच त्यांचा मुद्दा. अडीच वर्षांनी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

आमच्याकडे नोंदवही तरी होती. कोरोनात जे आकस्मिक पॅरोलवर सुटले, त्यांचा विचार करा. रजा आधी 45 दिवसांची, मग साथरोग कायद्याची अधिसूचना लागू असेपर्यंत 30-30 दिवसांनी वाढायची. परतायची पक्की तारीख कागदावर नव्हतीच. मे 2022 मध्ये शासनाने ती सवलत संपवली. हा आदेश डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाला कुणी आणि कधी वाचून दाखवायचा? जो मुद्दाम पळाला त्याला जरूर धरा, पण ज्याला निरोपच पोचला नाही त्याला त्याच रांगेत उभं करू नका.

माझी मागणी साधी आहे. सोडतानाच कैद्याला आणि जामीनदाराला मराठीत लिहिलेला कागद द्यावा. परतायची तारीख, अडचण आली तर कुणाला कळवायचं, मुदतवाढीचा अर्ज कुठे द्यायचा, हे त्यावर असावं. कैद्याने ठाण्यात कळवलं, तर ठाण्याने सही-शिक्क्याची पोच द्यावी. नुसत्या फोनवर भागवू नये, आम्हाला तेच भोवलं. आणि खुलासा घेण्याआधी वकिलाची भेट घडवावी.

भाच्याची कापलेली माफी अजून परत मिळालेली नाही. निकालाची प्रत जोडून दोन अर्ज दिले आहेत, तिसरा या सोमवारी देणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर