रीमा लागू : आईच्या भूमिकांआड राहिलेली विनोदी अभिनेत्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रीमा लागू यांचे १८ मे २०१७ रोजी निधन झाले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुतांशी ‘मैंने प्यार किया’सारख्या हिंदी चित्रपटांतील आईभोवतीच फिरते. ती लोकप्रियता खरीच होती. परंतु तिच्यामुळे त्यांच्यातील विनोदी अभिनेत्री झाकोळली गेली, याची खंत वाटते.

‘श्रीमान श्रीमती’ या मालिकेत केशव शेजारच्या अभिनेत्रीवर लट्टू आणि त्या अभिनेत्रीचा नवरा केशवच्या बायकोवर, असा सारा मामला होता. जतीन कनाकिया, राकेश बेदी आणि अर्चना पूरण सिंग हे तिघे मुद्दाम भडक रंगात खेळत असताना रीमाताईंची कोकिला, म्हणजे केशवची बायको, मात्र जणू काही घडतच नाही अशा चेहऱ्याने संसार करीत राही, आणि हशा नेमका तिथेच पिकत असे. ‘तू तू मैं मैं’मधील सासू तर त्याहून अवघड. १९९४ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा त्या जेमतेम छत्तिशीच्या होत्या आणि सुनेची भूमिका करणाऱ्या सुप्रिया पिळगांवकर त्यांच्याहून केवळ नऊ वर्षांनी लहान. हे अंतर त्यांनी पिकलेल्या केसांपेक्षा आवाजाच्या चढउतारांतून आणि टोमणा मारण्याआधीच्या क्षणभराच्या थांब्यातून भरून काढले.

हा थांबा रंगभूमीने दिलेला होता, असे माझे मत आहे. मंदाकिनी भडभडे यांच्यासारख्या अभिनेत्रीची ही मुलगी, मूळची नयन भडभडे, पुण्याच्या हुजूरपागेत शिकली, पुढे बँकेतली नोकरी सांभाळून नाटके करीत राहिली. ‘पुरुष’ आणि ‘सविता दामोदर परांजपे’ ही नाटके विनोदी नव्हेत. पण प्रेक्षागृहाची शांतता किती ताणता येते हे अशा नाटकांतच कळते, आणि विनोदाला तेच ज्ञान लागते.

विनोदी नटांवर आपल्याकडे भरभरून लिहिले जाते. नटीच्या वाट्याला मात्र ‘टायमिंग छान’ एवढाच शेरा येतो. (तोही बहुधा शेवटच्या परिच्छेदात.) आपल्या पुरवणीने रीमाताईंच्या सहकलाकारांकडून, दिग्दर्शकांकडून आणि रंगमंचामागे वावरलेल्या मंडळींकडून त्यांच्या तालमींच्या व प्रयोगांच्या आठवणी लिहवून घ्याव्यात, अशी विनंती आहे. त्यांतील अनेकांचे वय झाले आहे, म्हणून हे काम शक्य तितक्या लवकर हाती घ्यावे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक