कॅप्टनचं लायसन घेऊ का म्हणतोस?

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर घाईत होतो, म्हणून आता नीट लिहितोय. तू विचारलंस की आपण नुसते हौसेने बोट चालवणारे, मग ते अमेरिकेच्या कोस्ट गार्डचं कॅप्टनचं लायसन कशाला. प्रश्न बरोबरच आहे.

पैसे घेऊन लोकांना फिरवायचं असेल तर लायसन लागतंच, त्यात वादच नाही. सगळ्यात साधं लायसन, ज्याला सिक्स-पॅक म्हणतात, ते घेतलंस तर 6 पर्यंत पैसे देणारे पॅसेंजर नेता येतात. पण आपल्यासारख्यांनी मित्रांसोबत पेट्रोल आणि खाण्यापिण्याचा खर्च आपखुशीने वाटून घेतला तर तो धंदा होत नाही, त्यामुळे त्यासाठी घ्यायची गरज नाही.

मग मी का बसलो अभ्यासाला? तुला ते धुकं आठवतंय का, मी एकटाच अडकलो होतो ते? कुठूनतरी एक लांब आणि दोन छोटे भोंगे येत होते आणि मला वाटलं कुणीतरी टाइमपास करतंय, मी आपला तसाच पुढे. नंतर पुस्तकात वाचलं की तो भोंगा शिडाच्या बोटीचा, मासेमारीवाल्यांचा किंवा कुणाला ओढत नेणाऱ्या टगचा असतो, म्हणजे थोडक्यात जे पटकन बाजूला होऊ शकत नाही त्याचा. अंगावर काटा आला रे. इतकी वर्षं बोट चालवतोय आणि हे माहीत नव्हतं! लायसनच्या परीक्षेत बोटींच्या वाहतुकीच्या या नियमांचा पेपर असतो, त्यात पास व्हायला 90 टक्के लागतात, सुरुवातीला जाचक वाटलं, आता नाही वाटत.

बाकी कटकट आहेच. मेडिकल, ड्रग टेस्ट, फर्स्ट एड, ते ट्विक कार्ड (बंदरात काम करणाऱ्यांचं सरकारी ओळखपत्र), आणि दर 5 वर्षांनी रिन्यू. शिवाय काही गडबड झाली तर 'तू तर कॅप्टन ना' म्हणून जास्त धरणार तुलाच, हेही डोक्यात ठेव. इन्शुरन्सवाले कधी थोडी सूट देतात, पण त्यासाठी घेऊ नकोस, हिशोब बसत नाही.

माझं म्हणशील तर अभ्यास आत्ता सुरू कर, अर्ज करायचा की नाही ते निवांत ठरव. फक्त बोटीवर घालवलेले दिवस लिहून ठेव. अर्जाला असे 360 दिवस लागतात, त्यातले 90 गेल्या 3 वर्षांतले, आणि 4 तासांपेक्षा कमी पाण्यावर राहिलास तर तो दिवस धरत नाहीत. स्वतःच्या बोटीवरच्या दिवसांवर तू स्वतःच सही करायची, मालकीचा कागद जोडून. माझ्या बोटीवर तू सुकाणू धरलंस ते दिवसही चालतील, त्यावर सही मी करेन, पण तारखा तू काढ, मला एकही आठवत नाही.

तुझा,
नंद्या