गंधकाच्या बॅटरीत खरे काम कार्बनच्या थरांचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर लिथियम-गंधक बॅटरीविषयी आलेली बातमी आवडीने वाचली. तेलशुद्धीकरणात गंधक उप-उत्पादन म्हणून मुबलक मिळते, त्यामुळे ही बॅटरी स्वस्त पडेल, असा बातमीचा रोख होता. गंधक स्वस्त आहे हे खरेच. आमच्या दापोली तालुक्यातील आंबा बागायतदार मोहोरावरच्या भुरीसाठी दरवर्षी त्याची फवारणी करतात. परंतु बॅटरीत गंधक कशाच्या आधाराने टिकते, याचा बातमीत उल्लेखही नव्हता. तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविल्यामुळे ही उणीव मनाला लागली, म्हणून हे पत्र.

वर्गात मी एक साधा प्रयोग करून दाखवीत असे. टॉर्चचा सेल, छोटा दिवा आणि वायर यांच्या जोडणीत गंधकाचा खडा धरला, तर दिवा लागत नाही. त्याच जागी शिसपेन्सिलीतील कांडी धरली की तो मंद का होईना, पेटतो. कांडीत ग्राफाइट, म्हणजे थरांवर थर रचलेला कार्बन असतो आणि तो वीज वाहून नेतो. गंधक मात्र जवळजवळ पूर्ण विद्युतरोधक आहे. लिथियमशी संयोग होताना ते प्रचंड विद्युतभार साठवू शकते, पण तो भार त्याच्यापर्यंत पोहोचवायला आणि परत आणायला कार्बनच लागतो.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. बॅटरी वापरली जात असताना गंधकाच्या आठ अणूंचे कडे तुटून लिथियम पॉलिसल्फाइडे, म्हणजे गंधकाच्या साखळ्यांना लिथियम जोडलेली संयुगे, तयार होतात. त्यातील लांब साखळ्यांची पॉलिसल्फाइडे बॅटरीतील द्रावात चक्क विरघळतात. काचेच्या कुपीत हा बदल घडविला, तर स्वच्छ द्राव पाहता पाहता पिवळा आणि पुढे तांबूस तपकिरी होतो. विरघळलेले हे पदार्थ पलीकडच्या लिथियमपर्यंत जातात, तिथे वाया जातात, अर्धवट परततात, आणि बॅटरी चार्ज होऊन रिकामी होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात उपयोगाचे गंधक थोडे कमी होत जाते. शिवाय गंधकाचे पूर्ण लिथियम सल्फाइड होईपर्यंत त्याचे आकारमान सुमारे 80 टक्क्यांनी वाढते. आतला पदार्थ असा वारंवार फुगून आकसत राहिला, तर कोणतेही धनाग्र, म्हणजे बॅटरीची गंधक असलेली धन बाजू, भेगाळणारच.

म्हणूनच या विषयातील कळीचे संशोधन कार्बनच्या रचनेवर झाले आहे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने 2009 साली अतिसूक्ष्म नळ्यांच्या शिस्तबद्ध जाळीचा कार्बन घेऊन त्यात वितळलेले गंधक मुरविले, आणि तेव्हापासून या क्षेत्राला नवी उभारी आली. गंधक मुरविण्यासाठी प्रयोगशाळा साधारण 155 अंश सेल्सिअस तापमान का निवडतात, हे ज्याने परीक्षानळीत गंधक वितळविले आहे त्याला लगेच कळेल. त्या सुमारास ते सर्वात पातळ असते. 160 अंशांच्या पुढे गेले की काळपट आणि इतके घट्ट होते की नळी उलटी केली तरी सांडत नाही. थरांचेही असेच नेमके गणित आहे. ग्राफाइटच्या दोन थरांतील अंतर 0.335 नॅनोमीटर आणि गंधकाच्या कड्याची रुंदी सुमारे 0.7 नॅनोमीटर, त्यामुळे साध्या ग्राफाइटमध्ये गंधकाला जागाच नाही. त्यासाठी थर एकमेकांपासून सोडवून, ग्राफीनसारखे, म्हणजे कार्बनच्या सुट्या एकेरी थरासारखे, विरळ करून, त्यांच्यामध्ये गंधक बसवावे लागते. अशा थरांत नायट्रोजनचे काही अणू गुंफले, तर निसटू पाहणारी पॉलिसल्फाइडे कार्बनला अधिक घट्ट धरून राहतात.

आता बातमीतील आकड्याविषयी. एक ग्रॅम गंधकाची सैद्धांतिक क्षमता सुमारे 1675 मिलिअँपिअर-तास आहे आणि प्रचलित लिथियम-आयन बॅटरीच्या धनाग्राची 150 ते 200, हे बरोबर आहे. पण ही तुलना फक्त गंधकाच्या वजनावर बेतलेली आहे. धनाग्रात गंधक 60 टक्के आणि उरलेला कार्बन व चिकटद्रव्य असेल, तर तोच आकडा 1000 च्या घरात येतो, आणि द्रावाचे वजन अजून धरलेलेच नाही. या बॅटरीचा विद्युतदाबही सरासरी 2.1 व्होल्ट, तर प्रचलित बॅटरीचा 3.7 च्या आसपास. इतके वजा करूनही ती वजनाच्या मानाने सरस ठरू शकते, हे मी नाकारीत नाही. 2010 साली झेफिर हे मानवरहित सौर विमान अशाच बॅटऱ्यांवर रात्री काढीत सलग चौदा दिवस हवेत राहिले होते. विमानाला हलकेपणा हवा असतो. आमच्या घरांना टिकाऊपणा हवा. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. माझ्या घरातील इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी पहिल्याच रात्री संपली आणि पुढे चार्ज करायला वीजच नव्हती. छपरावरच्या सौर तावदानाशी जोडून हजारो फेरे चालेल अशी बॅटरी आम्हाला हवी आहे, मग ती दोन किलो जड असली तरी चालेल.

त्या दृष्टीने मला लिथियमऐवजी सोडिअम वापरणारी सोडिअम-आयन बॅटरी कोकणाला अधिक जवळची वाटते. सोडिअम ग्राफाइटच्या थरांत नीट शिरत नाही. त्याला थर वेडेवाकडे आणि थोडे अधिक अंतरावर असलेला कठीण कार्बन लागतो, आणि असा कार्बन नारळाच्या करवंटीपासून उत्तम होतो. करवंटी हवेशिवाय जाळून, आम्लाने धुऊन तिच्यातील पोटॅशिअम व इतर क्षार काढावे लागतात, मग हजार अंशांहून अधिक तापवावी लागते. सच्छिद्र केलेला करवंटीचा कोळसा गंधक धरून ठेवण्यासाठीही अभ्यासला गेला आहे. आमच्याकडे मात्र खोबरे काढून झाले की करवंटी अंघोळीच्या बंबात जाते.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तामिळनाडूतील कराईकुडीला केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. कोकणातील वेगवेगळ्या जातींच्या नारळांच्या करवंट्यांपासून कोणत्या प्रतीचा कार्बन मिळतो, याची एकत्रित तपासणी या संस्थांनी हाती घ्यावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती करतो. पुढच्या वेळी अशी बातमी देताना क्षमतेच्या आकड्यासोबत धनाग्राच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती मिलिग्रॅम गंधक होते आणि किती फेऱ्यांनंतर किती क्षमता उरली, हे संशोधकांना विचारून अवश्य छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी