येत्या रविवारी टाऊन हॉल म्युझियम, निवांत बघायचं!

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला जायचंय. सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, बागेच्या गेटपाशी जमायचं, दहा मिनिटं आधीच या. सोमवारी बंद असतं म्हणून रविवार धरलाय.

ही बिल्डिंग १८७२ ते ७६ मधली, ब्रिटिश इंजिनिअर चार्ल्स मँटनं डिझाईन केलेली, नवा राजवाडापण त्याचाच. आत शिरायच्या आधी बाहेर उभं राहून ते टोकदार मनोरे आणि कमानी नीट बघा, आपण रोज समोरून गाडीवरनं जातो पण मान वर करून कोण बघतंय.

आत ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या वस्तू आहेत. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन ब्राँझची मूर्ती, वीतभरसुद्धा नाही, पण पंचगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वी कुठनं कुठनं माल येत होता ते तिच्याकडं बघितलं की कळतंय! आबालाल रहिमान यांची चित्रंपण चुकवू नका.

- घाई करायची नाही, दुपारपर्यंतचा वेळ मोकळा ठेवा
- काचेला हात नको, फोटो विचारूनच
- पोरांना जरूर आणा, तिकीट ज्याचं त्यानं काढायचं

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.