एकेक पेपर पडताळून यादी लावणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

आमच्या विभागातल्या ज्येष्ठ कर्करोग संशोधिकेच्या पेपरांची पूर्ण यादी तुम्ही लावून दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की हे काम कुणाच्याच बायोडेटात दिसत नाही, पण ते झालं नाही तर बायोडेटाच चुकतो.

सगळ्यात मोठा गुंता नावाचा होता, आणि तो आपल्याकडच्या नावांचा खास. लग्नाआधीच्या पेपरांवर मधलं अक्षर वडिलांच्या नावाचं नि आडनाव माहेरचं. नंतरच्या पेपरांवर दोन्ही बदललेली. काही ठिकाणी दाखल्यावरच्या क्रमाने आडनाव आधी गेलेलं, त्यामुळे डेटाबेसने वडिलांच्या नावालाच आडनाव मानलं. स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमध्ये एकाच व्यक्तीची तीन प्रोफाइल झाली. एच-इंडेक्स म्हणजे जास्तीत जास्त जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख, मिळाली तो आकडा. तिन्ही प्रोफाइलचे एच-इंडेक्स सरळ बेरजेने जोडता येत नाहीत, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. एका प्रोफाइलचा 8, दुसऱ्याचाही 8, तर एकत्र केल्यावर तो 8 ते 16 यांच्यात कुठेही येऊ शकतो. 16 यायला 16 पेपर हवेत आणि त्या प्रत्येकाला किमान 16 सायटेशन हवीत. म्हणून आधी प्रोफाइल जोडायची, मगच आकडा वाचायचा.

उलटी चूकही होती. आडनाव आणि आद्याक्षर जुळलं की गूगल स्कॉलर हे पेपर शोधायचं साधन भलत्याचे पेपर आपल्या खात्यात आणून टाकतं. तोंडाच्या कर्करोगाच्या यादीत उसावरच्या तांबेऱ्याचा पेपर तुमच्याच नजरेला पडला. पेपर आपोआप जमा होण्याची सोय तुम्ही बंद केलीत आणि आधी मेल येईल, मग आपण होकार देऊ, अशी सोय लावलीत. हा एक बदल सगळ्यांनी आजच करावा.

जुने पेपर सापडेनात, त्याचं कारणही तुम्हीच सांगितलंत. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर 2014च्या आधीच्या नोंदींमध्ये बहुधा फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता असतो. लेखकाचं नाव आणि संस्था असा एकत्र शोध घेतला, की ज्या पेपरांत आमच्या संशोधिका बाई तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आहेत ते गळतात. तुम्ही संस्थेचं नाव वगळून, सहलेखकांची नावं घालून शोध घेतलात. मिळालेल्या प्रत्येक पेपरचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक, उघडून पाहिलात, तो पेपर बाईंच्या 16 अंकी ऑर्किड क्रमांकाला, म्हणजे संशोधकाच्या ओळख-क्रमांकाला, जोडलात, परिषदेतले गोषवारे वेगळ्या पानावर काढलेत, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी जाहीर केलेला मसुदा) आणि छापील पेपर अशा दुहेरी नोंदी एक केल्यात. मागे घेतलेले पेपरही तपासलेत, आपले आणि आपण ज्यांचा आधार घेतला तेही.

बाईंच्या अर्जात तुम्ही प्रत्येक आकड्यापुढे डेटाबेसचं नाव आणि तारीख लिहायला लावलीत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळं मोजतो, वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस निवडक स्रोतच मोजतो. त्यामुळे एकाच पेपरचे दोन आकडे दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. बाईंनी स्वतःच स्वतःच्या पेपरांचे केलेले उल्लेख वगळून वेगळा आकडा दिलात, हेही योग्यच. इम्पॅक्ट फॅक्टर मात्र तुम्ही खोडलात. तो जर्नलचा असतो: आधीच्या 2 वर्षांतल्या मजकुराला या वर्षी मिळालेली सायटेशन, भागिले त्या 2 वर्षांतल्या मूळ लेखांची आणि आढावा लेखांची संख्या. मोजक्या लेखांना भरमसाट सायटेशन मिळाली की सरासरी फुगते. त्यातून शेजारच्या पेपरबद्दल काहीच कळत नाही.

आमच्या मते तुमचं सगळ्यात मोलाचं काम शेवटचं. सर्वाधिक उल्लेख झालेल्या पेपरांची सायटेशन तुम्ही उघडून वाचलीत आणि लाल पेन्सिलीने समासात लिहिलंत: 'पद्धत वापरली', 'प्रस्तावनेत नाव', 'निष्कर्ष पटला नाही', 'उपचार ठरवताना आधार'. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला 2015चा अभ्यास तुम्ही नमुना म्हणून समोर ठेवलात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की नंतर त्यांत कर्करोग उद्भवला तरच, हा त्याचा प्रश्न. 3 वर्षांनी हयात असलेले रुग्ण पहिल्या गटात 80 टक्के, दुसऱ्यात 67.5 टक्के. अशा पेपरचा उल्लेख सर्जन कशासाठी करतो, हे सायटेशनच्या संख्येत दिसत नाही. समासातल्या त्या चार शब्दांत दिसतं. आमच्या बाईंच्या एका जुन्या, जेमतेम उल्लेख झालेल्या पेपरपुढे तुम्ही तीनदा 'पद्धत वापरली' लिहिलंत. तो पेपर आता अर्जात पहिल्या पाचांत आहे.

लाल खुणांची ती प्रत आम्ही विभागात जपून ठेवली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत तारीख घालून यादी ताजी करतो, आणि नव्या विद्यार्थ्याचा पहिला पेपर पाठवण्याआधी त्याचं नाव कसं छापायचं हे ठरवून ऑर्किड क्रमांक काढून घेतो.

आपले कृतज्ञ,
विभागातले आम्ही सर्व